परान्न आणि पक्षपात

गाणगापुरास ज्याने एक तरी दुपार काढली आहे, त्याला अन्न आणि अन्नदाता यांचा संबंध समजावून सांगण्याची गरज पडत नाही. मध्यान्हीची वेळ झाली की खांद्यास झोळी अडकवलेली माणसे दारोदार फिरू लागतात. त्यांत संन्यासी असतात, अनुष्ठानास बसलेले साधक असतात, आणि मुंबई-पुण्याकडे घरदार, मोटार असलेले सुखवस्तू गृहस्थही असतात. श्रीगुरू आजही कोणत्या ना कोणत्या रूपाने माधुकरीस येतात अशी येथील श्रद्धा असल्यामुळे देणारा घेणाऱ्याची चौकशी करीत नाही, आणि घेणाराही झोळीत काय पडले हे उघडून पाहत नाही. या घरची भाकरी, त्या घरचा भात, पलीकडच्या घरचे गोडधोड, सारे एके ठिकाणी होते आणि प्रसाद म्हणून मुखी लागते.

आणि याच गावाची कथा ज्या ग्रंथाने अमर केली, त्या गुरुचरित्रात परान्नाचा धाक तरी केवढा! छत्तिसाव्या अध्यायातील तो आचारनिष्ठ ब्राह्मण वाचकांस आठवत असेल. कोरड्या भिक्षेवर निर्वाह करायचा आणि दुसऱ्याच्या घरी शिजलेल्या अन्नास स्पर्श करायचा नाही, असे त्याचे व्रत. गावात समाराधना होत, दांपत्यांना बोलावणी येत, शेजारणी नटूनथटून जेवायला जात, आणि या बिचारीच्या वाट्यास नित्याची घरची भाकरी. अखेर तिने श्रीगुरूंपाशी गाऱ्हाणे नेले. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणास आज्ञा केली, पत्नीची वासना पुरी कर. दोघे जेवावयास बसली, आणि त्या बाईस पंक्तीत कुत्री व डुकरे जेवताना दिसली. ती किळसून उठली. आपले व्रत मोडले म्हणून ब्राह्मण व्याकुळ झाला, तेव्हा श्रीगुरूंनी त्यास सांगितले की तुला दोष नाही. मग कोणाचे अन्न घ्यावे, कोणाचे घेऊ नये, याचे विस्तृत विवेचन येते. त्यात गुरू, मातुल, श्वशुर, सहोदर अशा आप्तांच्या घरच्या अन्नास परान्नाचा दोष लागत नाही असा अपवादही आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे हा अध्याय वाचताना आमच्या मनात भक्तीबरोबर एक दुसराही विचार येतो, आणि तो आला म्हणून श्रीगुरू रागावतील असे आम्हांस वाटत नाही. पोटात जे गेले त्याची जबाबदारी खाणाऱ्याची, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. हे येथले मूळ तत्त्व आहे. अपवाद दोनच. एक, ज्याने सर्व काळजी घेतली आणि तरीही ज्याच्या इच्छेवाचून ते घडले, त्याची मुक्तता. दुसरा, आप्तांचे अन्न. ऑलिंपिकच्या मल्लांना आज जो उत्तेजकविरोधी कायदा लागू आहे, त्याचा पाया नेमका हाच आहे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. त्या जागतिक संहितेप्रमाणे खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले की गुन्हा पुरा झाला. ते हेतुपुरस्सर घेतले की अजाणता, हा प्रश्न पुढे शिक्षा ठरवताना येतो. 'माझा काहीही दोष नाही' असे खेळाडूने स्वतः सिद्ध केले तर शिक्षा माफ होते. प्रतिस्पर्ध्याने कट करून, पुरेपूर सावधगिरी बाळगूनही, अन्नात काही मिसळले असेल तर ही माफी मिळू शकते. परंतु पत्नीने, गुरूने अथवा निकटच्या मंडळींपैकी कोणी मिसळले असेल तर मात्र नाही. ज्यांच्या हाती आपले ताट सोपवले त्यांच्या वर्तनासही खेळाडूच बांधलेला, असे संहितेचे भाष्य सांगते. म्हणजे गुरुचरित्रकारांनी जेथे दोष वगळला, तेथेच या नव्या स्मृतिकारांनी तो पक्का केला! दोन्ही बाजूंस आपापली कारणे आहेत. आप्ताच्या घरी अन्नाने पाप चिकटत नाही हे धर्मशास्त्राचे म्हणणे. आप्ताच्याच हातून गोळी सर्वांत सहज पोटात जाते हा प्रयोगशाळेचा अनुभव.

हे सारे आम्हांस आठवण्याचे कारण कुस्ती.

२०१६ च्या जुलैची अखेर होती. गुरुपौर्णिमेची गर्दी ओसरत चालली होती, आणि मागे राहिलेल्या यात्रेकरूंमध्ये आमच्याकडे उतरलेले काही पाहुणे होते. कोल्हापूरकडील एक गृहस्थ, गोव्याचे एक सारस्वत कुटुंब, आणि नोकरीनिमित्त कलबुर्गीस राहणारे एक उत्तरेकडील अधिकारी. वर्तमानपत्रात बातमी आली होती की मल्ल नरसिंग यादव उत्तेजक चाचणीत दोषी आढळला. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवणारा हा पहिलवान. २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन त्याने ७४ किलो वजनगटात रिओ ऑलिंपिकसाठी भारताची जागा मिळवली होती. त्याच गटात सुशीलकुमारही होते. २००८ च्या बीजिंगला कांस्य आणि २०१२ च्या लंडनला रौप्य मिळवलेला तो मल्ल आधीच्या ६६ किलोच्या गटाचा. तो गट ऑलिंपिकमधून निघाल्याने वर सरकलेला. आमची दोघांची कुस्ती लावा आणि जिंकेल त्यास पाठवा, अशी मागणी घेऊन सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २५ जून रोजी, सोनीपतच्या शिबिरात नरसिंगचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडायेनोन सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर जो वाद झाला तो आम्ही विसरलेलो नाही. कोल्हापूरकरांनी बातमी वाचण्यापूर्वीच निकाल दिला होता: पोराला गोवले. महाराष्ट्राचा मल्ल ऑलिंपिकला जातो हे हरियाणवाल्यांना सहन झाले नाही, हा त्यांचा संपूर्ण पुरावा. उत्तरेकडील अधिकाऱ्यांनी तितक्याच तत्परतेने सांगितले की चोर पकडला गेला की कटाची भाषा करतोच. गोव्याचे गृहस्थ शांत होते. परंतु तेही शेवटी म्हणाले की दिल्लीत कोणाचे राज्य आहे आणि कुस्ती महासंघाचा अध्यक्ष कोणत्या पक्षाचा खासदार आहे हे पाहिले म्हणजे सारे उमगते. त्यांना काय उमगले ते त्यांनी सांगितले नाही. द्रव्य किती सापडले, कोणत्या रूपाने घेतले असता इतके सापडते, दोन नमुन्यांतील प्रमाणांचा मेळ कसा लागतो, यांपैकी एकही प्रश्न तीन तासांत कोणी विचारला नाही.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. नरसिंग यादव याचे घराणे उत्तर प्रदेशातले, वडील मुंबईत दूध विकणारे. उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्यांना आणि टॅक्सीवाल्यांना मुंबईत काय काय ऐकावे लागले, हे आपण सारे जाणतो. तोच मुलगा एका सकाळी 'आमचा' झाला, 'महाराष्ट्राचा वाघ' झाला. आम्हांस त्याचा आनंदच वाटला असता. पण तो आपलेपणा समोर हरियाणा उभा राहिल्यावर जागा झाला होता, आणि असा आपलेपणा पुरावा तपासण्याच्या कामी फारसा येत नाही. आम्ही सीमेवरची माणसे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या मागे उरलेल्या राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून सोलापूरचे वर्तमानपत्र व कलबुर्गीचे वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची आम्हांस सवय आहे. एकच सभा दोन्ही पत्रांत दोन वेगळ्या गर्दीची असते.

पुढे जे घडले ते थोडक्यात असे. १ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या शिस्तपालन समितीने नरसिंगला निर्दोष ठरवले. कोणा दुसऱ्याने त्याच्या पेयात द्रव्य मिसळले, त्याचा हलगर्जीपणा नाही, असा तो निर्णय. महासंघाचे अध्यक्ष, भारतीय जनता पक्षाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह, त्याच्या पाठीशी उभे होते. नरसिंग रिओस पोहोचला. परंतु जागतिक संस्थेने त्या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवाद न्यायालयाकडे धाव घेतली, आणि १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच बसलेल्या लवादाने चार वर्षांची बंदी फर्मावली. तज्ज्ञांचे म्हणणे असे पडले की पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके मोठे आहे की पेयात मिसळलेल्या चूर्णाने ते साधत नाही. एक वा दोन गोळ्या गिळल्या असता साधते. ही गोळी एकाहून अधिक वेळा आणि जाणूनबुजून घेतली असणे अधिक संभवनीय, असा लवादाचा निष्कर्ष. सुशीलकुमारांवर या प्रकरणी कोणताही आरोप सिद्ध झाला नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

त्या निकालावर आमचे स्वतःचे मत विचारले तर ते देण्यास आम्ही कचरत नाही. लढतीच्या आदल्या संध्याकाळी माणसाचे चार वर्षांचे आयुष्य ठरवणे आम्हांस रुचत नाही. फौजदारी न्यायालयात असे घडते तर आम्ही स्थगितीसाठी आकाशपाताळ एक केले असते. परंतु ते फौजदारी न्यायालय नव्हते. सिद्धतेचा भार मल्लावर होता, आणि त्याच्या बाजूने तराजूत घालण्यास होते काय? कट झाला हे सांगणारे पुष्कळ, आणि कटाने एवढे प्रमाण कसे येते हे सांगणारा तज्ज्ञांसमोर टिकेल असा एकही नाही. देशातील सभा, मोर्चे आणि वाहिन्यांवरील आरडाओरडा हे लवादापुढे पुरावा म्हणून दाखल करता येत नाहीत. तीन आठवडे हाताशी होते, आणि ते, आमच्या समजुतीप्रमाणे, प्रामुख्याने 'कोणी केले' या प्रश्नावर खर्ची पडले. 'कसे झाले' याचे उत्तर द्यावयाचे होते. निकाल आमच्या मते पुराव्याबरहुकूम होता. बंदी संपल्यावर, २०२० च्या डिसेंबरात, नरसिंग बेलग्रेडच्या स्पर्धेत पुन्हा उतरला; २०२४ साली महासंघाच्या खेळाडू आयोगाचा तो अध्यक्षही निवडला गेला.

हे मेथँडायेनोन काही नवे नव्हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिबा या स्विस कंपनीने ते डायनाबोल या नावाने आणले, आणि जॉन झिग्लर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने भारोत्तोलकांवर त्याचा प्रयोग केला. पुढे त्याला आपल्या त्या उद्योगाचा मनस्वी पश्चात्ताप झाला म्हणतात. तेव्हा ते अमेरिकेचेच अपत्य म्हटले पाहिजे, आणि अमेरिकेने त्याची व त्याच्या भावंडांची फळेही भोगली.

बेसबॉल हा त्या लोकांचा राष्ट्रीय खेळ. आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. चेंडूफळी तीच, पण धीर कमी. १९९८ साली मार्क मॅग्वायर याने एका हंगामात ७० वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, आणि २००१ साली बॅरी बाँड्स याने ७३ वेळा. सारा देश टाळ्या पिटत होता, तिकिटे खपत होती, आणि या बाहूंना ही सूज कशाने आली हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. मॅग्वायरने स्वतः कबुली दिली ती २०१० साली. दरम्यान १७ मार्च २००५ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने बड्या खेळाडूंना बोलावून शपथेवर विचारले. त्यांतील राफाएल पामेरो याने समितीकडे बोट रोखून मी असले काही कधीच घेतले नाही असे ठासून सांगितले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीत दोषी ठरून तो निलंबित झाला. त्या सुनावणीत दोन्ही पक्षांचे सभासद खांद्यास खांदा लावून बसले होते, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर २००७ च्या डिसेंबरात जॉर्ज मिचेल यांचा चौकशी अहवाल आला. मिचेल हे डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी सिनेट नेते. १९९८ चा उत्तर आयर्लंडचा समेट घडवणारे म्हणून जगास ठाऊक. त्यांच्या चारशेहून अधिक पृष्ठांच्या अहवालात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे होती, आणि सर्वांत मोठे नाव रॉजर क्लेमन्स यांचे. ३५४ सामने जिंकून दिलेला, उत्कृष्ट गोलंदाजास मिळणारे साय यंग पारितोषिक सात वेळा पटकावलेला हा टेक्ससचा माणूस, बुश घराण्याचा स्नेही. त्याला आपण सुया टोचल्या असे सांगणारा साक्षीदार म्हणजे त्याचाच व्यायामशिक्षक ब्रायन मॅकनेमी. १३ फेब्रुवारी २००८ रोजी दोघांना त्याच समितीपुढे एकाच मेजाशी बसवण्यात आले. मॅकनेमीने वापरलेल्या सुया आणि रक्ताचे बोळे बिअरच्या एका रिकाम्या डब्यात घालून कित्येक वर्षे जपून ठेवले होते! मालकाशी इमान आणि मालकाविरुद्ध पुरावा ही दोन्ही एकाच घरात ठेवणारा हा मनुष्य कोणत्याही वकिलाच्या स्मरणात राहील.

परंतु खरे नवल पुढेच आहे. त्या दिवशी रिपब्लिकन सभासद एकामागून एक मॅकनेमीवर तुटून पडले. तू खोटारडा आहेस, तुझा शब्द कोण मानील, असा त्यांचा सूर. आणि डेमोक्रॅटिक सभासद तितक्याच सातत्याने क्लेमन्सला कोंडीत पकडत होते. एका माणसाच्या कमरेत सुई टोचली गेली की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्याचे उत्तर करधोरणावर, इराकच्या युद्धावर किंवा न्यायाधीशांच्या नेमणुकीवर कसे अवलंबून असावे? तरीही पक्षाची रेषा मेजाच्या मध्यातून जणू खडूने आखल्यासारखी गेली. २००५ सालची समिती तीच, तिचे दोन प्रमुख टॉम डेव्हिस आणि हेन्री वॅक्समन तेच. केवळ २००६ च्या निवडणुकीनंतर त्यांच्या खुर्च्यांची अदलाबदल झालेली. एवढी एकी तीन वर्षांत कोठे गेली? आमच्या अंदाजाने २००५ च्या त्या रांगेत कोणत्याच पक्षाचा 'आपला' माणूस नव्हता. आरोपी परका असला की सत्यशोधन सोपे जाते.

शेवट तर न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास विचारात पाडणारा. खोटी शपथ घेतल्याबद्दल २०१० साली क्लेमन्सवर खटला भरला गेला. २०११ च्या जुलैमध्ये सरकारी वकिलांनी मनाई असलेला पुरावा ज्युरीसमोर दाखवल्यामुळे तो रद्द झाला. पुन्हा चालला, आणि १८ जून २०१२ रोजी ज्युरीने त्याला साऱ्या आरोपांतून मुक्त केले. तथापि बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला प्रवेश मिळाला नाही. २०२२ च्या अखेरच्या मतदानात ७५ टक्क्यांची अट असता त्याला ६५.२ टक्के मते पडली. न्यायालयाने सोडलेला, पत्रकारांनी अडवलेला, आणि पक्षांनी आधीच वाटून घेतलेला माणूस.

हे अमेरिकेचे झाले म्हणून आपण हसावे असे नाही. २०२३ च्या जानेवारीत महिला मल्लांनी ब्रिजभूषण यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करून दिल्लीत धरणे धरले. त्यांच्याबरोबर बसलेला बजरंग पुनिया हा ऑलिंपिक पदकविजेता मल्ल. १० मार्च २०२४ रोजी त्याने चाचणीस नमुना देण्याचे नाकारले. पूर्वी मुदत संपलेले साहित्य आणले गेले होते, त्याचा खुलासा आधी द्या, असे त्याचे म्हणणे. सप्टेंबरात तो काँग्रेस पक्षात गेला आणि नोव्हेंबरात त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. आता ओसरीवरचा वाद पुन्हा सुरू झाला. माणसे मात्र जागा बदलून बसलेली. नरसिंगच्या वेळी चाचणी म्हणजे कट असे सांगणारे आता कायदा सर्वांना सारखा म्हणू लागले, आणि तेव्हा कायद्याचे नाव घेणारे आता सूडाची भाषा बोलू लागले. नमुना नाकारण्याचा अधिकार खेळाडूला कोणत्या परिस्थितीत असतो हा उत्तम कायदेशीर प्रश्न होता. तो आम्हांस कोणी विचारला नाही. बजरंग कोणत्या पक्षाचा, एवढे मात्र सगळ्यांना पाठ.

कुस्तीच्या आपल्या घरचीही तीच गत. ज्या परिषदेशी शरद पवारांचे नाव कित्येक वर्षे जोडलेले, तिच्यासमोर वर्ध्याचे भाजपचे तत्कालीन खासदार रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखालील दुसरी संघटना उभी राहिली. परिणामी २०२३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगाव येथे एक आणि धाराशिव येथे एक, असे एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या स्पर्धेत एका मल्लाने पंचास लाथ मारली, आणि दोघा मल्लांना तीन वर्षांचे निलंबन झाले. पंच आपल्या बाजूचा की त्यांच्या बाजूचा, हा प्रश्न जेथे आखाड्यात उतरण्यापूर्वीच मनात असतो, तेथे लाथ ही केवळ वेळेची बाब राहते.

या सर्वांत जी पोरे भरडली जातात त्यांच्याकडे आता वळतो. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतील ३.८ टक्के दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक. यांत ऑलिंपिकवाले थोडे. बाकीचे विद्यापीठाच्या, राज्याच्या स्पर्धांतले. पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागावे म्हणून धडपडणारे.

आमच्या भागातील असाच एक मुलगा. त्याचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याचे वडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. तुरीची दहा-बारा एकर शेती, घरात दोन म्हशी, आणि हा एकच मुलगा. गावच्या तालमीतून विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत गेलेला. हातात इंग्रजी नोटीस. आम्ही ती वाचून होण्यापूर्वीच वडिलांनी विचारले, "साहेब, आमदारास्नी भेटू, का सरळ खासदारास्नी?" गावात त्यांना लोकांनी समजावले होते की पंचायतीच्या निवडणुकीत तुम्ही दुसऱ्या पॅनेलला मते दिलीत, त्याचा हा बदला. कोणी तरी दुधात काही टाकले असणार. टाकणाऱ्याचे नावही गावाने ठरवून ठेवले होते.

आम्ही वडिलांना बाहेर चहा घेण्यास पाठवले आणि मुलास एवढेच विचारले, "बाळ, तू काय खाल्लेस?" अर्धा तास तो जमिनीकडे पाहत बसला. मग त्याने पिशवीतून एक डबा काढून मेजावर ठेवला. शहरातील एका व्यायामशाळेच्या माणसाने विकलेली भुकटी. डब्यावर कारखान्याचा पत्ताच नाही. आणि तिच्याबरोबर कागदाच्या पुडीत गोळ्या. सहा आठवडे, दिवसातून दोन. "ताकद येतीया म्हनला," तो म्हणाला. "आणि आली बी."

स्टेरॉइडच्या जातीचे द्रव्य, म्हणजे चार वर्षे. नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत दोष मान्य करून शिक्षा स्वीकारली तर संहिता एक वर्ष कमी करते. कटाची कथा रचून झुंजायचे तर पुरावा लागतो, आणि पुरावा तर समोर डब्यात होता, उलट बाजूचा. आम्ही दोघांना तसे सांगितले. मुलाने तत्काळ सही केली. वडिलांनी त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला. चहाच्या टपरीवर त्यांना तोपर्यंत कोणी सांगितले होते की हा वकीलच तिकडच्या पॅनेलचा, तो पोराला बुडवणार.

तीन वर्षांची बंदी झाली. वडील गुरुवारी दर्शनास येतात, पादुकांसमोर आम्ही शेजारी उभे राहतो, आणि ते आमच्याशी बोलत नाहीत. गावाने ठरवलेला तो दूध टाकणारा माणूसही त्यांच्याशी बोलत नाही, हे ओघानेच आले. पुडी विकणाऱ्याचे दुकान चालू आहे. मुलगा मात्र अधूनमधून येतो. रानातले काम आटोपून संध्याकाळी सायकल दाराशी लावतो, वहिनींनी दिलेली भाकरी मुकाट्याने खातो, आणि जाताना बंदी संपण्याची तारीख पुन्हा एकदा विचारतो. अजून चौदा महिने आहेत. आम्ही ती त्याला एका कागदावर लिहून दिली आहे, तरी तो विचारतो.